नमुन्यातला कचरा

मी गाळातला किडा बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मला मध्ये थांबायला वेळ नाही.

माझा जन्म अगदी साधा. एके दिवशी आईचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा आई राहिला, मागचा मी झालो. काही दिवसांत मला नवं डोकं फुटलं आणि लगेच कामाला लागलो. आमच्यात लाड नसतात.

काम असं, की डोकं खाली गाळात आणि शेपूट वर पाण्यात. शेपटीने श्वास घ्यायचा, तोंडाने खालचा गाळ खायचा आणि वर आणून टाकायचा. आमच्या बिळांतून हवा खाली जाते. पिढ्यान्‌पिढ्या आमची ही नांगरट चालू आहे. शाबासकी नको, पण आम्ही आहोत एवढं तरी लोकांना ठाऊक असावं की नाही?

आमच्या तळ्याकाठी कोळसा जाळणारा कारखाना आहे. त्याच्या राखेचं पाणी एका जाड पाइपमधून आमच्या डोक्यावर पडतं. त्यात सेलेनियम नावाचं द्रव्य असतं. कणभर असलं तर अंगाला हवंच असतं, पण जरा जास्त झालं की विष. कारखान्याचे साहेब काठावर उभं राहून पाहुण्यांना सांगायचे, "काळजी नको. सगळं तळाला जाऊन बसतं. एकदा बसलं की बसलं."

कुठे बसलं, साहेब? आमच्या ताटात बसलं. काही आमच्या पोटात गेलं. काही आम्ही उकरून वर आणलं, त्याला हवा लागली आणि ते पुन्हा पाण्यात विरघळलं. तुम्ही पुरायचं आणि आम्ही उकरायचं. आमचा हात नाही असं मी म्हणत नाही. पण आम्हाला दुसरं काम येत नाही, तुम्हाला येतं.

मासे आम्हाला खातात. त्याबद्दल तक्रार नाही, ते चालायचंच. पण आमच्या अंगातलं विष त्यांच्या अंगात गेलं आणि तिथून त्यांच्या अंड्यांत. काठावर एक मावशी राहते. तळ्यातल्या माशांची अंडी टाक्यांत उबवायची आणि पिल्लं मोठी करून परत तळ्यात सोडायची, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. यंदा टाकीत पाहते तर पिल्लांचे कणे वाकडे आणि डोळे बाहेर आलेले. तिने तपासणी खात्यात अर्ज केला.

पहिल्या तपासणीचा निकाल आला, 'पाणी ठीक, गाळ मर्यादेत.' म्हणजे दोष मावशीच्या टाक्यांचा. दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं तर तिच्या टाक्या बंद होणार आणि पाइप चालू राहणार.

त्या दुसऱ्या तपासणीत मी सापडलो. होडीतून लोखंडी जबडा खाली आला आणि आमच्यासकट गाळ वर डब्यात गेला. खात्याच्या लॅबमधल्या ताईने तो ट्रेमध्ये पसरला, चष्मा सावरला आणि चिमट्याने आम्हाला एकेक करून काचेच्या वाटीत टाकायला लागली. मला वाटलं, आली एकदाची आमची पाळी, आता आम्हाला विचारतील. कसलं काय! तिच्या कागदावर लिहिलं होतं, 'नमुन्यातील काड्या, खडे व इतर कचरा काढून टाकावा.' इतर कचरा म्हणजे मी.

काय अक्कल आहे पाहा. साक्षीदाराला हाकलून द्यायचं आणि रिकाम्या खोलीला विचारायचं, इथे काय घडलं?

ताई वाटी बेसिनकडे नेत होती, तेवढ्यात मावशी चौकशीला आली.

"हे कुठे टाकतेस गं?"

"बेसिनमध्ये. कचरा आहे तो, मावशी."

"कचरा? अगं, माझ्या माशांचं जेवण आहे ते. मासा काय नुसतं पाणी पिऊन मोठा होतो? हे तपास ना."

"कागदावर तसं नाहीये हो."

"मग कागद लिहिणाऱ्याने मासा फक्त ताटातच पाहिला असणार."

ताई वाटी घेऊन बेसिनपासून परत फिरली. मग तिने वाटीतलं पाणी निथळून आम्हाला वजनकाट्यावर ठेवलं. तपासणीला लागतं तेवढं वजन भरेना. आदल्या दिवशी वेचलेले माझे भाऊबंद तिनेच बेसिनमध्ये ओतले होते. ते आठवून तिचं तोंड उतरलं. उतरू दे, मला काही तिची दया आली नाही. पण दोघी त्याच दुपारी होडी घेऊन निघाल्या आणि आणखी गाळ घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत समोरासमोर बसून त्यांनी आम्हाला वेचलं. ताईने कागदावरचे 'व इतर कचरा' हे शब्द पेनाने खोडले आणि बाजूला सही केली. खात्यातल्या वरच्या साहेबांना विचारायला ती गेली नाही.

आता आम्हाला एक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलंय. पोटातला गाळ निघून गेला, की मोजणी नुसत्या आमच्या अंगातल्या विषाची होईल. आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ पाणी मिळालं, तेही मरायच्या आदल्या दिवशी. उद्या आम्हाला वाळवतील, कुटतील, यंत्रात घालतील. घाला खुशाल. तळ्यात राहून हेच विष माशांना चारत बसण्यापेक्षा ते बरं.

ताई, आकडा मोठा येणार आहे. तो आला की फोन येतील, गोड बोलणारी माणसं येतील, चहा पाजतील, पुन्हा एकदा मोजून पाहा म्हणतील. पुन्हा मोजायला मी शिल्लक नसेन. एकदाच मरणार आहे, तेव्हा आकडा पुरा लिही.