स्वल्पविराम आत की बाहेर

कॉर्नेलिया पेलला या पुस्तकातून दोन गोष्टी मिळायच्या होत्या: बोस्टनच्या त्या छोट्या प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधकाची पक्की नोकरी आणि खिडकीजवळचं टेबल. अट एकच, शुक्रवारी पुस्तक छपाईला गेलं पाहिजे.

पुस्तक होतं इंग्लंडच्या मिसेस थ्रेपल्टन यांचं, कोंबड्या पाळण्यावर. बाई तिकडच्या रीतीने स्वल्पविराम अवतरणचिन्हाबाहेर ठेवत; बोस्टनची रीत आत ठेवायची. पाहुणीचा मान म्हणून कॉर्नेलियाने सगळे बाहेरच राहू दिले. चारशे बारा. मोजले होते तिने.

बाईंकडे तपासायला पाठवलेली मुद्रितं इंग्लंडहून परत आली, तर बाईंनी एकेक आत ढकललेला! समासात नोंद: ‘तुमच्या घरी तुमची पद्धत.’

कॉर्नेलियाने मुकाट्याने सगळे आत घेतले आणि तसं बाईंना कळवलं. पत्र वाटेत असतानाच बाईंचं दुसरं पत्र आलं: ‘तुम्ही माझी पद्धत किती प्रेमाने जपली होती, आणि मी ती मोडली. बाहेरच ठेवा.’

छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारा बॉगदान कपाळावर हात मारून म्हणाला, “अहो, हे स्वल्पविराम आहेत की माझ्या सासूचं सामान? आज आत, उद्या बाहेर!”

“शेवटचं हो, बॉगदान.”

“मागच्या वेळीही शेवटचंच होतं.”

तो निम्म्या पुस्तकापर्यंत पोचला तोच तार आली. सगळे आत घेतल्याचं कॉर्नेलियाचं पत्र आता बाईंना मिळालं होतं. ‘आतच असू द्या.’

कॉर्नेलियाने मुद्रितं पुन्हापुन्हा चाळली. कोणतं पान कोणत्या पत्राआधीचं, हेच तिला उमगेना.

मालक लॅथ्रॉप दारात आले. “मिस पेल, शुक्रवार उजाडला. काय ठरलं?”

“त्या म्हणतात आपली पद्धत, मी म्हणते त्यांची...”

“आणि पुस्तक काय म्हणतं?”

पुस्तक सोमवारी गेलं, पहिल्या अर्ध्या भागात स्वल्पविराम बाहेर, दुसऱ्यात आत. वाचणाऱ्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही.

मिसेस थ्रेपल्टन यांचं काहीच गेलं नाही. उलट त्यांनी आभाराचं लांबलचक पत्र धाडलं. बॉगदानचा मासेमारीचा शनिवार कामात गेला. खिडकीजवळच्या टेबलाशी दुसरीच कोणी बसली, आणि कॉर्नेलियाने आपल्या पेन्सिली कागदात गुंडाळून घरी नेल्या.