रडणारीचा रकाना

झुंबरबाईचा मुलगा बाळासाहेब टॉवरवरून पडून मेला, तेव्हा गावात रेंज फुल्ल होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळ्यांनाच याचा विसर पडला. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. टॉवर एकच, कंपनी एकच. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं तर फोन वरवंटा म्हणून वापरायचा. बाळासाहेबाचं काम टॉवरखालच्या जनरेटरात डिझेल ओतायचं, बस. तेही ठेकेदाराच्या ठेकेदारानं दिलेलं. क्रिकेटच्या फायनलला दिवस मावळायला रेंज गेली आणि पन्नास माणूस टॉवरखाली गोळा झालं.

"चढ की रं बाळ्या, वरची वायर हलवून बघ."

"माझं काम न्हाई ते. मला चढायची परवानगी न्हाई."

"मग जनरेटर काय पूजेला ठेवलाय का? भितो का काय लेका?"

चढला. वायर हलवली. रेंज आली आणि पन्नास माना खाली मोबाइलात गेल्या. माझीही गेली. तो उतरताना पडला त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण तेव्हाच चौकार बसला होता.

कंपनी म्हणाली, आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणाला, चढ असं आम्ही सांगितलं नव्हतं. गाव म्हणालं, नशीब.

आमच्याकडं रीत अशी, की घरच्या सगळ्यात जवळच्या बाईनं पहिला हेल काढल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. ती एकदा सुरू झाली की बाकीच्या बाया तिच्यात आवाज मिसळतात. हेलात शब्द असतात. काही पिढ्यान्‌पिढ्यांचे, आजीकडून आईकडं आलेले, काही त्या घटकेला तोंडातून पडलेले. नंतर विचारलं तर त्या बाईला स्वतःला आठवत नाहीत. झुंबरबाईनं त्या दिवशी असा हेल काढला की धरणाच्या पाण्यापलीकडच्या वस्तीला ऐकू गेला.

"कुठं गेलास रं माझ्या बाळा, बोल की रं माझ्यासंगं..." हे जुनंच. पण मध्येच ती उठली, समोर बसलेल्या गड्यांकडं हात केला आणि म्हणाली,

"रेंज रेंज करून वर चढवलं रं माझ्या बाळाला, खाली घ्यायला कोण न्हाई आलं..."

गड्यांनी माना खाली घातल्या. एकानं घातली नाही. तो मोबाइल उभा धरून शूटिंग करत होता. झुंबरबाईचा जावई मोहित, पिंपरी पेंढारचा. लग्नाचं शूटिंग आणि डीजे हा त्याचा धंदा. मुंबईच्या पावण्यांना पोचता आलं नाही, त्यांना दाखवायला घेतो म्हणाला.

तेराव्याला तो पोटभर जेवून गेला. महिन्याभरात गाणं आलं. झुंबरबाईचा आवाज, खाली ढोल, वर सनई, मध्ये 'मोहित बीट्स' असा कुत्रं भुंकल्यासारखा शिक्का. 'बोल की रं माझ्यासंगं' हे पोरांना भलतंच आवडलं. बोरी बुद्रुकच्या एका वरातीत मी स्वतः पाहिलं, 'वर चढवलं रं' आलं की सगळे हात वर करून उड्या मारायचे. त्यात टॉवरखालचे आमचे चार जण होते. उड्या बाकी चांगल्या मारत होते.

मग कंपनीनं ते गाणं उचललं. फोन लावला की पलीकडं घंटीऐवजी वाजतं ते गाणं म्हणून. पहिला महिना फुकट, आणि न मागता सगळ्यांना लावून दिलं. बाळासाहेबाची बायको उज्ज्वला घोडेगावला गेली होती. सासऱ्यांची गोळी विसरली म्हणून तिनं सासूला फोन लावला आणि स्टँडवर उभी असताना कानात सासू रडायला लागली. ढोलासकट.

तिनं घरी येऊन सांगितलं. झुंबरबाई एवढंच म्हणाली, "काढाय लाव ते. माझं पोर हाय त्यात."

जावयाला कोण बोलणार? आमच्यात जावयाला 'अरे' म्हणत नाहीत. झुंबरबाईनं त्याला बोलावून पुरणपोळी केली आणि वाढता वाढता म्हणाली, "पावणं, तेवढं गाणं काढून टाका."

"आई, तुमचा आवाज दुबईत पोचला. वाईट काय केलं मी?" मोहितनं वर तूप मागितलं. "आणि रेकॉर्डिंग माझं हाय. कायदा माझ्या बाजूनं हाय."

आरती, त्याची बायको, मेलेल्याची सख्खी बहीण, चुलीकडं तोंड करून पोळ्या लाटत राहिली.

उज्ज्वला बारावी झालेली. तिनं 'जुन्नर-आंबेगाव कट्टा' या फेसबुकवरच्या ग्रुपात सगळं लिहिलं, शेवटी विचारलं, 'माझ्या सासूचं रडणं विकायचा हक्क यांना कोणी दिला?' दोन दिवसांत साडेसातशे कमेंटी. 'रडण्यावर कसला कॉपीराइट राव, उद्या शिंकेवर मागाल.' 'ताई, फेमस झालात, पार्टी कधी?' एक जण कंपनीच्या मक्तेदारीवर पेटला, मोडून काढा म्हणाला. हे त्यानं त्याच कंपनीच्या डेटावर लिहिलं आणि पॅक संपला म्हणून अर्ध्यावर गप झाला.

सगळ्यात लांब लिहिलं राजुरीच्या कुशाबा सरांनी. रिटायर मास्तर, भला माणूस, तीस वर्षं गावोगाव फिरून जुनी गाणी वहीत उतरवलेली. त्यांनी झुंबरबाईच्या हेलातली ओळन्‌ओळ घेतली आणि कुठली कोणत्या गावात कोणत्या म्हातारीकडून ऐकली ते तारखेसकट दिलं. 'हे लोकधन आहे. यावर ना कंपनीची मालकी, ना झुंबरबाईंची. ज्ञान मुक्त राहिलं पाहिजे.' चारशे बदाम पडले. फक्त टॉवरच्या ओळीपुढं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'ही कुठेही आढळली नाही.'

मोहितनं खाली हात जोडले. 'सर, तुमच्यासारख्यांमुळे संस्कृती टिकून आहे.'

त्याच ग्रुपात रिद्धी होती. मंचरच्या कापडवाल्या शांतीलालशेठची मुलगी, पुण्यात वकिली शिकून आलेली. तिनं उज्ज्वलाला लिहिलं, सासूबाईंना घेऊन या, फी नको. दुकानाच्या माडीवर दोघी गेल्या. रिद्धीनं लॅपटॉप उघडला.

"काकू, रेकॉर्डिंग मोहितचं आहे, जुन्या ओळी कुणाच्याच नाहीत. पण टॉवरची ओळ तुमची आहे. कुशाबा सरांनी स्वतःच तसं लिहिलंय. त्या एका ओळीवर अख्खं गाणं नेटवरून उतरवता येईल. मला फक्त ती ओळ तुमच्या तोंडून घ्यायचीय."

"मला आठवत न्हाई, पोरी."

आठवत नव्हतंच. म्हणून मग गाणं लावावं लागलं. ढोल, सनई, कुत्रं. झुंबरबाई पदर मुठीत धरून स्वतःचं रडणं ऐकत होती आणि रिद्धी मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, "ही तुमची? ही? आणि ही?" चौथ्यांदा लावल्यावर म्हातारीनं बोट वर केलं. "ही." मग कोरड्या आवाजात, तुकडे करून, टाइप करायला वेळ मिळेल अशी ती ओळ सांगितली. रेंज रेंज करून. वर चढवलं रं. माझ्या बाळाला.

"आता इथं दोन रकाने आहेत," रिद्धी म्हणाली. "तुम्ही रचनाकार की सादरकर्त्या? दोन्हींवर खूण करू, म्हणजे केस पक्की."

"म्हंजी काय?"

"म्हणजे हे तुम्ही रचलं, आणि तुम्ही सादर केलं."

"रचलं?" झुंबरबाईनं सुनेकडं पाहिलं. "उजे, ही काय म्हणती? पोराच्या मढ्यावर मी रचाय बसली व्हती का? रडले मी. रडणारीचा रकाना न्हाई का त्यात?"

रिद्धीनं खरंच स्क्रीन खालीवर करून पाहिली. "नाही, काकू."

शांतीलालशेठ चहा घेऊन वर आले होते. ते दारातूनच म्हणाले, "बाई, सही करू नका. मी चाळीस वर्षं कागद बघतोय. कागदाला पाय फुटतात."

"पप्पा, तुम्ही गिऱ्हाईक बघा ना," रिद्धी म्हणाली.

उज्ज्वला म्हणाली, "आत्या, करा. नाहीतर जलमभर ऐकाय लागंल."

झुंबरबाईनं छापून काढलेल्या कागदावर अंगठा दिला. 'सदर शोकगीतातील नमूद ओळीची रचना व सादरीकरण मी स्वतः केलेले आहे.'

नऊ दिवसांत गाणं उतरलं. कंपनीनंही काढलं. फोनमध्ये परत साधी घंटी वाजायला लागली. उज्ज्वलानं दिवसभरात सासूला विनाकारण सहा वेळा फोन लावला आणि दोघी हसल्या. हे त्या वर्षातलं त्यांचं एकमेव हसणं, म्हणून नोंदवून ठेवतो.

नोटिशीबरोबर तो कागद मोहितलाही गेला होता. त्यानं फोटो काढून कट्ट्यावर टाकला. वर दोनच शब्द. 'वाचा गावकऱ्यांनो.'

गावानं वाचलं. टॉवरची ओळ गावाला पहिल्यापासून टोचत होती, आता तिच्यावर औषध सापडलं. रचलेली व्हती म्हणं. मग खरी कशाची? साळुबाई, झुंबरबाईची शेजारीण, पाणवठ्यावर तोंडावर म्हणाली, "आमी येडे, तिच्या जोडीला घसा फोडून रडलो. ही तर पार्ट करत व्हती." पुढं पाच-सहा घरांत मयती झाल्या. रीतीप्रमाणं जाणत्या बाईला बोलावतात. झुंबरबाईला कोणी बोलावलं नाही.

संक्रांतीनंतर झुंबरबाईचा नवरा गेणभाऊ गेला. पोराच्या मागं त्यानं कसेबसे आठ महिने काढले. सकाळी नऊला तिरडी बांधून तयार. बाया गोल बसल्या, गडी समोर, आणि सगळे झुंबरबाईकडं बघत राहिले. चार-पाच मोबाइल वर आले. झुंबरबाईनं ते मोबाइल पाहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. पदराचा बोळा करून दातात धरला.

"आरंभ कर की बाई," साळुबाई म्हणाली. "मढं ताटकळलंय. का रचायचं ऱ्हायलंय अजून?"

कोणीतरी खुदकन हसलं.

अर्धा तास झाला. ऊन चढलं. म्हातारे कुजबुजायला लागले, हेलाबिगर उचलायची का, आजवर कुणाची उचलली नाय. तेव्हा जावई पुढं झाला.

"रीत मोडाय नको. सोय हाय माझ्याकडं."

त्यानं मोबाइल स्पीकरला जोडून तिरडीच्या उशाला ठेवला. नवं गाणं होतं, परवाच चढवलेलं. ढोल नाही, साधं. आवाज हुबेहूब झुंबरबाईचा. मशीननं बनवलेला. आवाजावर कोणाची मालकी नसते, हे त्यानं कट्ट्यावर विचारून घेतलं होतं. आणि ओळी सगळ्या कुशाबा सरांच्या यादीतल्या, जुन्या तेवढ्याच.

"कुठं गेलास रं माझ्या बाळा, बोल की रं माझ्यासंगं..."

सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला मशीन 'बाळा' म्हणत होतं. कोणाला खटकलं नाही. साळुबाईनं पहिला आवाज मिसळला, मग बाकीच्यांनी. आरतीही रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, आणि ते नवऱ्याच्या गाण्याच्या तालात होतं. तिरडी उचलली. समोरचे गडी ताठ मानेनं उठले.

झुंबरबाई खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत होती. कुठल्या तरी एका जागी तिनं बोट वर केलं, मंचरच्या माडीवर केलं होतं तसं. मग गाणं पुढं गेलं आणि ते बोट तसंच राहिलं.

"उजे," ती म्हणाली, "माझी ओळ काढली गं."