उशाशी पिस्तूल

पोळ्याला रोशन येणार हे कळल्यापासून प्रेमलताबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सौसरला त्यांचं घर, मोहगावच्या वाटेवर संत्र्याचा बगिचा, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी ट्रॅक्टर घेतले तरी नत्थूजींनी दावणीला एक बैलजोडी राखलेली. लेक अमेरिकेत गेल्यापासून पोळ्याला बैल ओवाळताना बाईंचे डोळे भरून यायचेच. यंदा लेक येत होता, सून तृप्ती येत होती, आणि नात प्रणाली, जिला आजीनं आजवर फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं, तीही येत होती. तृप्तीला पुन्हा दिवस गेले होते. थंडीत तिचं बाळंतपण, त्यासाठी प्रेमलताबाईंनीच तिकडं जायचं, हेही ठरून गेलं होतं. पासपोर्ट व्हिसासकट येऊन कपाटात पडला होता.

नात आली आणि आजीला चिकटलीच. सहा वर्षांची, गोरीपान, तुटक मराठी बोलणारी पोर. सण तोंडावर आला तसं आजीनं तिला बाजारात नेलं. पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा नंदी घेतला, त्याच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मग चपलांच्या दुकानात तिला बूट दाखवले. पाय टेकला की टाचेत लाल-निळे दिवे लागायचे. पोरगी दुकानभर नाचली. अन् एकाएकी थांबली, खाली बसली, बूट काढून नीट डब्यात ठेवले.

"हे शाळेत नाही चालत," ती म्हणाली.

"काहून बाप्पा?"

"अंधारात दिसतो ना आपण."

आजीला वाटलं, काही लपाछपीचा खेळ असेल. तिनं साधी सँडल घेतली आणि विषय सोडून दिला.

पोळ्याच्या संध्याकाळी तोरण तुटलं, बैल घरोघर पूजेला फिरू लागले. नत्थूजी जोडी घेऊन दारात आले. झुली नव्या, शिंगं रंगवलेली. बाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, शेजारची धाकटी पोर आणि प्रणाली ओट्यावर. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, त्यापाठोपाठ दुसरा. बैल बिचकले, नत्थूजींनी कासरा आवळला, लोक हसले. आरती झाली, नैवेद्याची पुरणपोळी बैलांनी खाल्ली, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की दोन्ही पोरी ओट्यावर नाहीत.

गल्ली पाहिली, गोठा पाहिला, विहिरीत डोकावून पाहिलं. प्रेमलताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्या कोठीच्या खोलीत गेल्या. दार आतून लोटलेलं, त्याला गव्हाचं रिकामं पिंप ओढून टेकवलेलं. दिवा बंद. कोठीच्या मागे, भिंत आणि पत्र्याच्या मधल्या बोळकांडीत, प्रणाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारची पोर तिनं आपल्या आड कोंबली होती आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला होता. त्या पोरीचे डोळे भीतीनं विस्फारलेले. प्रणालीचे मात्र कोरडे, शांत. रडत नव्हती. तेच बाईंच्या काळजात गेलं.

"आजी, श्श," ती कुजबुजली. "लाईट नको लावू."

तृप्तीनं तिला उचलून घेतलं, फटाके होते म्हणून समजावलं. मग स्वयंपाकघरात सासूला सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. तिकडं शाळेत महिन्या दोन महिन्यांनी हे शिकवतात. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर दिवे घालवायचे, दाराला काहीतरी लावायचं, कोपऱ्यात बसायचं, आवाज करायचा नाही. लहानगं कोणी रडलं तर त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. मुलांना भीती वाटू नये म्हणून शाळेतल्या बाई खेळासारखं घेतात. सगळ्याच शाळांत असतं, आई, आता सवय झाली.

बाई ऐकत होत्या. हातातला पुरणाचा गोळा हातातच राहिला. त्यांनी उभं आयुष्य गावात काढलं होतं. बंदूक त्यांनी पाहिली ती बँकेच्या दाराशी डुलक्या देणाऱ्या शिपायाजवळ. पिस्तूल म्हणजे कट्टा, आणि कट्टा म्हणजे नागपूरकडच्या गुंडांची चीज, पेपरात फोटो येतो त्यांची. सहा वर्षांच्या लेकराला मरणाचा अभ्यास देणारे लोक कसे असतील, हे त्यांच्या मनात मावेना. त्या रात्री त्यांनी पोळीला हात लावला नाही.

खरं कळायचं अजून बाकीच होतं. जेवणं झाल्यावर रोशनचा बालमित्र अमित आला. दोघं ओट्यावर बसले. बाई चहा घेऊन गेल्या तर अमित रोशनच्या फोनवर वाकला होता. फोटोत रोशन कानाला मोठाले डबे लावून, एक लांबलचक काळी बंदूक खांद्याशी धरून उभा होता. शेजारी लाल दाढीचा एक गोरा हसत होता. हा आमचा शेजारी, रोशन सांगत होता, देवमाणूस, बर्फ पडला की आधी आमच्या दारातला उपसतो, मग त्याच्या. त्याच्या तळघरात भिंतभर बंदुका आहेत, त्यानंच शिकवलं. ही लांब त्याची. माझ्याजवळ फक्त पिस्तूल आहे.

"कुठं ठेवतो रे?" अमितनं विचारलं.

"उशाशी. ड्रॉवरमंदी."

बाईंनी चहाचा ट्रे तिथंच ठेवला. त्या आत गेल्या आणि न्हाणीत जाऊन ओकल्या.

नत्थूजींना त्यांनी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बाप म्हणून ते पोराला आडवं घेतील. नत्थूजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की परमिट असंल तं ठीक हाय. मग उठून बाहेर गेले. बाईंनी खिडकीतून पाहिलं तर तेही फोनवर वाकले होते, किती वजन असते, किती दूर जाते, असं विचारत होते. रानडुकरांसाठी अशी एखादी बगिच्यात पाहिजे होती, असंही म्हणाले. बाईंना नवऱ्याचीही किळस आली. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाची अशी किळस येऊ शकते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. बाईंचं म्हणणं, घरीच राहावं, पोरीला नंदी घेऊन गल्लीत फिरवावं, खाऊ मिळवून द्यावा. पण रोशनच्या मनात पांढुर्ण्याची गोटमार पाहायची होती. तिथं बाईंचं माहेर. धाकटा भाऊ गजेंद्र, त्याची गच्ची जाम नावाच्या नदीच्या अगदी वर. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा, आणि एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, दिवसभर एकमेकांना दगडं मारतात. गजेंद्रचा डावा डोळा कॉलेजात असताना तिथंच गेला होता. तरी दरवर्षी तो पाहुण्यांसाठी गच्चीवर खुर्च्या मांडायचा, त्याची बायको स्मिता वडे तळायची. बाई लहानपणापासून हे पाहत आल्या होत्या. भावाचा डोळा गेला तेव्हा खूप रडल्या, पण चंडीमातेचं आहे, रीत आहे, म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. त्याही बोलल्या नव्हत्या.

गच्चीवर ऊन चढलं होतं. खाली दोन्ही काठांवर माणसंच माणसं, आणि मधून दगडं सुटत होती. रोशननं शेजाऱ्याला व्हिडिओवर घेतलं होतं. तिकडं रात्र असावी. लाल दाढीचं तोंड फोनमध्ये हलत होतं. रोशन फोन नदीकडं धरून रंगात येऊन समजावत होता. त्या माणसाचा चेहरा बदलत गेला. तो काही बोलला, डोळ्यांवर हात घेतला, पुन्हा बोलला. बाईंनी तृप्तीला विचारलं, काय म्हणतो.

तृप्ती जरा अडखळली. "म्हणतो, हे तर रानटी लोक आहेत. म्हणतो, अशा जागी लेकरू कशाला नेलं, लगेच घरात ने."

ज्याच्या तळघरात भिंतभर बंदुका त्यानं हे म्हणावं, म्हणून बाईंच्या अंगाचा भडका उडाला. पण तो भडका उडतो न उडतो तोच खाली ओरडा झाला. चार जण एका पोराला उचलून गल्लीतून पळत होते. डोकं फुटलेलं, मान लोंबत होती, शर्ट रक्तानं भिजला होता. गच्चीवरच्या पाहुण्यांपैकी कोणी मान उंचावली, कोणी मोबाईल काढला. गजेंद्र आपल्या एका डोळ्यानं वाकून पाहत म्हणाला, सावरगावचा दिसते, आपला नाई. आणि वड्याची प्लेट पुढं केली.

प्रणालीनं आजीचा पदर ओढला. तिचा चेहरा कालच्यासारखा झाला होता, कोरडा आणि शांत. "आजी, इथं दार कुठं आहे?"

बाईंनी तिला उचललं. सहा वर्षांची जड पोर कडेवर घेऊन त्या जिना उतरल्या, आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि खाटेवर तिला मांडीत घेऊन बसल्या. त्या लाल दाढीवाल्याचं बोलणं कानात खुपत होतं. सर्वांत जास्त खुपत होतं ते हे की तो खोटं बोलला नव्हता.

थोड्या वेळानं रोशन आला. पोरगी आजीच्या मांडीतच झोपून गेली होती. तो चिडलेला होता. सगळ्यांसमोर उठून आली म्हणून मामाला वाईट वाटलं, म्हणाला. मग कालचं सगळं बाहेर पडलं.

"काल तू मले कसं पाहून राहिली होती, मी समजलो नाई का? जसा मी कोनी खुनी होय. मंग हे काय हाय, आई? मामाचा डोळा कायनं गेला? इथं मानसं मरतात अन् लोकं वडे खाऊन राहिले. तुले त्या देशाची घान येते, त्यायले आपली येते."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. पोरगी उठू नये म्हणून आवाज दबका होता. "येन्यासारखीच हाय. मले बी आज आली, पहिल्यांदा आली, हे माही चूक. पन तू गावाचं अन् देशाचं मले नको सांगू. या गच्चीवर पोरीले कोनं आनलं? तुनं. अन् तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडं ते लोखंड कोनं ठेवलं? तेही तुनंच. मी तुले इचारून राहिली, रोशन."

तो खाटेच्या कडेला बसला. मग त्यानं सांगितलं, ते ऐकून बाईंना त्याचा राग करणंही जमेना. त्यांच्याच वस्तीजवळ, पेट्रोल पंपावर काम करणारा एक गुजराती पोरगा कोणी तरी गोळी घालून मारला होता. रोशन त्याच्याकडून रोज कॉफी घ्यायचा. त्यानंतर त्याला झोप येईना.

"मी भेतो, आई. सगळेच भेतात तिथं, म्हनून सगळेच ठेवतात."

"मंग परत ये."

तिकडं आता त्याचं घर होतं, नोकरी होती, येणारं मूल होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं.

"तं मंग मी बाळंतपनाले येत नाई," त्या म्हणाल्या. "ज्या घरात ते असंल, त्या घरात मी नवं लेकरू हातात घेनार नाई. तुह्या सासूले बोलावजो."

"बघू," रोशन म्हणाला आणि वर निघून गेला.

निघताना बाईंनी भावाला दारातच सांगितलं की भाऊबीजेला येईन, करीच्या दिवशी यापुढं येणार नाही. गजेंद्र हसला, मग त्याला कळलं की बहीण हसत नाही, आणि त्याचा एक डोळा खाली गेला. स्मिता मात्र गाडीपर्यंत आली आणि नणंदेचा हात बराच वेळ धरून राहिली.

पुढचे दिवस घरात सगळे एकमेकांशी जपून बोलत होते. जाताना रोशन पाया पडला, बाईंनी डोक्यावर हात ठेवला, पण ‘येते’ म्हणाल्या नाहीत. प्रणाली नागपूरच्या विमानतळावर आजीच्या गळ्याला अशी पडली की तिला सोडवून न्यावं लागलं.

मग फोन येत राहिले. नत्थूजी बोलायचे, बाई नातीपुरत्या बोलायच्या. दिवाळी उलटली. एके सकाळी तृप्तीनंच फोन केला, सासऱ्याला नाही, सासूला. ते घरातून गेलं, म्हणाली. मीच हट्ट धरला. रोशन दोन दिवस बोलला नाही, पण दिलं.

"कुठं दिलं?" बाईंनी विचारलं.

तृप्ती घुटमळली. "शेजाऱ्याकडं. त्याच्या तळघरात. तो म्हणाला, लागलं तर केव्हाही घेऊन जा."

बाईंनी फोन ठेवला. उशाच्या ड्रॉवरमधून निघून ते शेजारच्या भिंतीवर गेलं होतं, मध्ये अंगण तेवढं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी डिंक आणला, खोबरं किसलं, सुंठ कुटली. लाडू वळायला बसल्या तेव्हा नत्थूजी येऊन पाटावर टेकले. ओट्यावरच्या त्या रात्रीनंतर बायको आपल्याशी तुटक वागते हे त्यांना कळत होतं, का ते नीटसं कळत नव्हतं.

"जाऊन राहिली मंग?" त्यांनी विचारलं. "भेव नाई वाटत?"

"भेवाचं काय," बाई म्हणाल्या. "मले घान वाटते. आता तिथंही वाटनार अन् इथंही वाटनार. पन बाळंतिनीले कोन न्हाऊ घालंल?"

नत्थूजी पाटावरून उठले. त्यांनी हात धुतले, परातीतला डिंक जवळ ओढला आणि बायको सांगेल त्या मापाचे लाडू वळू लागले. त्यांचे वाकडेतिकडे होत होते. बाई ते मोडून पुन्हा वळत होत्या.