माझ्यावर ब्लीच ओतलं त्याची गोष्ट

मी एक जुनी फळी आहे, आणि मित्रांनो, आज मी अजिबात गोड बोलणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचा भुसा आणि वितळवलेलं प्लास्टिक एकत्र मळून मला साच्यातून काढलं. मग एका घराच्या मागच्या दाराबाहेर, माझ्या बहिणींशेजारी, स्क्रूने घट्ट बसवलं. अशा ओट्याला हल्ली डेक म्हणतात. माझा रंग गडद तपकिरी. पाहुणे वाकून हात फिरवत आणि विचारत, "खरं लाकूड का हो?" तेव्हा मी फुगत असे. ओलीने नव्हे, अभिमानाने.

"हिला काहीच करावं लागत नाही," असं दुकानदार म्हणाला होता. घराने तेवढंच वाक्य तोंडपाठ केलं. नऊ वर्षं धड झाडूसुद्धा नाही. फटींत पानं कुजली, पाणी तुंबलं, माझ्यावर काळी बुरशी चढली आणि एका सकाळी आजोबा चहाच्या कपासकट घसरले.

दोष कुणाचा? म्हणे माझा.

"बाथरूमच्या फरशीला चालतं, मग हिला काय धाड भरलीय?" असं म्हणत आत्याने ब्लीचची अख्खी बाटली माझ्यावर उपडी केली. बुरशी पंधरा दिवसांत परत आली. माझा रंग मात्र गेला तो गेलाच. मधोमध हा एवढा पांढरट चट्टा.

"शोभाच गेली. उपटून टाका," बाबांनी सुतारकाकांना सांगितलं. माझा एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. इतक्या वर्षांची चाकरी, आणि चालले मी भंगारात.

तेवढ्यात सुतारकाकांनी फटीत पटाशी घालून काळा लगदा बाहेर ओढला. "फळी ठणठणीत आहे, साहेब. नवी बसवलीत तरी हेच होणार. मोरी तुंबवायची आणि बादलीला शिव्या द्यायच्या, असं चाललंय तुमचं."

बाबांनी वाकून तो लगदा पाहिला.

"मग धुवायची कशाने?" आत्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"आधी फटी साफ करा. मग भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. फळीवरच्या रेघांच्या दिशेने घासा, फेस वाळायच्या आत धुऊन टाका."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते करावं लागतं, ताई."

माझे स्क्रू परत बसले. आत्याने गुडघे टेकून घासलं. बुरशी गेली, आजोबा काठी न टेकता माझ्यावरून फिरून आले, चट्टा तसाच राहिला. "चुकलं गं बाई," ती त्यावर हात ठेवून म्हणाली.

मी अजून माफ केलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या दारातही माझी एखादी बहीण असेल, तर तिची माफी मागायची वेळ आणू नका. महिन्यातून एकदा ब्रश घेऊन या.