वाशिष्ठीचा पंखा

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला दुसरा खोका परत आला, आणि श्रीपतीने तो टेबलावर असा आदळला की कारखान्याच्या देव्हाऱ्यातली समई हलली.

"अहो, हळू," उल्का म्हणाली.

"हळू काय हळू! पात्यांची जाडी पुन्हा पाऊण मिलिमीटर जास्त!"

खोक्यात गनमेटल या मिश्रधातूचा ओतीव पंखा होता, वाशिष्ठी वर्गाच्या युद्धनौकांच्या पंपातला; समुद्राचं पाणी खेचून इंजिन गार ठेवणारा. या वर्गाच्या सहा फ्रिगेटी. पाच भंगारात गेल्या, सहावी पंख्यावाचून मुंबईच्या गोदीत खोळंबलेली. पंप बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली. उरला होता तो सासऱ्यांनी स्वतः कोरलेला सागवानी साचा, मिरजोळ्याच्या या शेडमध्ये. तो वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत धातू ओतायचा. बारा वर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर हे असं. तिसरा नमुना नापास झाला की कारखान्याचं नाव नौदलाच्या यादीतून जाणार होतं.

"हरिश्चंद्रा, वाळू नीट ठोकतोस ना रे?"

"वाळूत खोट नाय," तो साचे भरणारा जुना माणूस फणकारला. "तुमचा नकाशाच चुकला आसल."

"त्याच नकाशावर बाबांनी चोवीस पंखे दिले!"

"मग तवा वाळू कोण ठोकी होता? मीच ना!"

दोन आठवडे हेच. वाळू, भट्टी, नकाशा, मुंबईच्या तपासनीस बाई, सगळ्यांचा उद्धार करून झाला होता. उल्काचं नऊ दिवस एकभुक्त. पोटात अन्न नाही आणि कानावर ही आरती. अगदी वीट आला होता तिला.

"आणि तुझ्या देवीला विचार, हा पाऊण मिलिमीटर येतो कुठून!"

तिने रंगाचा डबा उघडून साचा पुढ्यात ओढला. खंडेनवमीला पूजेत मांडायची वस्तू कळकट दिसू नये, म्हणून दरवर्षी ती त्याला निळ्या रंगाचा हात देई. एका पात्याची कड टवकली होती. तिने नखाने उचकटून पाहिलं. निळा, त्याखाली निळा, मध्ये एक हिरवा, त्या वर्षी निळा मिळाला नव्हता. आंबापोळीसारखे थर. तिने मोजले. बारा.

क्षणभर वाटलं, सगळा रंग गुपचूप खरवडून टाकावा. पण पुढ्यात समई तेवत होती.

"अहो," ती म्हणाली, "वाळू नाही नि नकाशा नाही. मीच."

श्रीपतीने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. दोन्ही बाजू मोजल्या. रंगाचे थर मिळून बरोबर पाऊण मिलिमीटर भरले.

हरिश्चंद्र उसळला. "वैनी, रंग तुम्ही दिलात, नि शिव्या मी खाल्ल्या!"

संध्याकाळपर्यंत तिघं खरवडत बसली. खालून सागवान निघालं, सासऱ्यांच्या पटाशीच्या खुणांसकट.

नवमीच्या सकाळी फोन आला: नमुना पास. उल्काने उघड्या साच्यावर कुंकवाचं बोट टेकवायला हात पुढे केला, तेवढ्यात श्रीपती व्हर्नियर घेऊन आडवा आला.

"कुंकवाची जाडी किती भरेल गो?"

तिने एक सुस्कारा सोडला आणि ते बोट व्हर्नियरलाच लावलं.