माझ्या अंगावरचं तेल पुसा

मी बिजागरी बोलतेय. मागच्या खोलीच्या दाराची, वरची. खालचीही एक आहे, पण ती जन्माची मुकी. सगळी कुरकुर माझ्याच वाट्याला आली. आज तक्रार करायला बोलतेय आणि थोडं विचारायलाही, कारण एवढ्यात जे घडलं त्याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, मधून सळई घातली, झाले मी तयार. सुताराने मला चौकटीवर बसवलं तेव्हा एक स्क्रू तिरका गेला. "चालतंय," तो म्हणाला. त्या 'चालतंय'पायी मी जन्मभर कुरकुरतेय.

या खोलीत एक बाइंडर काम करतो. छापील कागदांच्या घड्या सुईदोऱ्याने शिवायच्या, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा चढवायचा. डोळे धड होते तेव्हा मी त्याची वैरीण. "या दाराने डोकं उठवलंय. उद्या तेल घालतो," असं तो येता-जाता म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही.

मग त्याची नजर गेली. आधी कडेचं दिसेना, हळूहळू मधलंही. आणि त्याने मला शिव्या देणं बंद केलं. मी कुरकुरले की तो जरा थांबायचा, मान तिरकी करायचा आणि सरळ आत जायचा. हात मात्र थांबले नाहीत. घडी बोटांनी चाचपायचा, सरस शिजला की नाही ते वासावरून ठरवायचा. मला वाटलं, म्हातारा निवळला.

येणाऱ्याजाणाऱ्यांना वेगळंच वाटायचं. शेजारचा शिंपी तर दारात उभा राहून रोज विचारायचा, "ओळखा पाहू मी कोण?"

"सर्दी झालेला शिंपी. आधी नाक शिंकर, मग माझी परीक्षा घे."

एवढं ऐकलं की सगळे खूश. डोळे गेले, पण कान काय तिखट झालेत! अरे, शिंप्याचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. त्यात कानांचा कसला चमत्कार?

पण ही आवई त्याच्या मुलीने खरी मानली. सुट्टीला आली आणि आईला म्हणाली, "बाबांचे कान आता फार नाजूक झाले असणार. एवढा खडखडाट कसा सहन करतात गं?"

"मला तर कधी काही बोलले नाहीत."

"ते कधी काही बोलतात का?"

बाप दुपारचा पडला होता तेवढ्यात तिने घर गप्प केलं. जुना पंखा काढून बिनआवाजाचा लावला. स्टुलांच्या पायांना रबर घातलं. दाराबाहेरच्या घरातल्या बोळात जाड गालिचा पसरला. शेवटी कागद कापायच्या मशीनजवळची तेलाची बुधली घेतली आणि माझ्यावर रिकामी केली. ज्याच्यासाठी हा सगळा घाट, त्याला विचारलं का? नाही. बाकी सगळं केलं, तेवढंच राहिलं. माणसांच्या या सवयीची मला भयंकर चीड आहे. पण खरं सांगते, त्या वेळी मलाही बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच माझं अंग दुखत नव्हतं.

आणि मग सगळंच बिनसलं. मी अर्धवट उघडी राहिले, तर तो दाराच्या कडेवरच आदळला. भुवईतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी खोली ओलांडून पुढच्या भिंतीशी जाऊन उभा. मग गरम सरसाच्या डब्यात बोटं बुडवली. बायको चहा घेऊन आली तर केवढ्यानं दचकला.

"कधी आलीस?"

"आत्ताच की, दारातून."

"दार वाजलं नाही."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ऐकूही येईना का आता?" तिने त्याच दिवशी ठरवलं. मशीनला गिऱ्हाईक बघायचं, ही खोली बंद करायची, दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं.

"वय झालं बहुतेक," तो म्हणाला. एवढंच. चहात साखर कमी पडली तरी भांडणारा माणूस! तो भांडला नाही याने मी घाबरले. याचं काय बिघडलंय? माझं काही चुकतंय का? काही केल्या कळेना.

गिऱ्हाईक आलं. मशीन दाखवायला तो निघाला, आणि पुन्हा आदळू नये म्हणून दाराची कड धरून चाचपत आला. हात वर सरकला, माझ्यावर आला आणि थांबला. त्याने बोटं चोळली, नाकाशी नेली.

"मशीनचं तेल. इथे कुणी घातलं?"

"मी, बाबा. तुम्हाला आवाजाचा त्रास नको म्हणून."

"अगं, याच आवाजावर मला कळायचं दार कुठवर उघडलंय. जरासं उघडलं की बारीक, पुरतं उघडलं की जाड."

"आणि पंखा?" बायकोने विचारलं.

"पंख्याच्या रोखानेच मी टेबलापाशी जायचो. परवापासून वारा लागतो, आवाज नाही. मला वाटलं, बारीकसारीक आवाज यायचेच बंद झाले. गालिचा पायाला कळत होता. पण लेकीने हौसेने आणलेला, काय बोलणार? चपलांचा आवाजच बुडाला त्यात."

"पण बाबा, तुमचे कान इतके तिखट..."

"कान होते तसेच आहेत. आधी त्यांच्याकडे लक्ष द्यायची गरज पडत नव्हती. आता द्यावंच लागतं."

गिऱ्हाईक खाकरलं. "मग मशीनचं कसं करायचं?"

"तुम्ही चहा घ्या," बायको म्हणाली.

मुलीने रॉकेलचं फडकं आणून मला खसाखसा पुसलं. दार उघडलं, मिटलं. काही नाही. पुन्हा केलं. तो मान तिरकी करून उभा. माझ्या तोंडून कसाबसा एक चिरका आवाज निघाला.

"हाच का, बाबा?"

"हा नव्हे. पण जवळजवळ तसाच आहे. होईल सवय."

गालिचा आता गुंडाळून कपाटावर पडलाय. जुना पंखा पुन्हा खडखडतोय. माझा घसा अजून मोकळा झालेला नाही. कधीकधी तो दारापाशी घुटमळतो, हात पुढे करतो, मगच पाऊल टाकतो. मी खोट होते की सोय, हे मला आजही ठरवता येत नाही. हल्ली कडेने गंज धरतोय, आणि त्याचा आनंद व्हावा की काळजी वाटावी, तेही कळत नाही.

तुम्हाला एकच सांगणं. पुन्हा तेलाची बुधली घेऊन आलात, तर माझ्यापाशी यायच्या आधी आत हाक मारा. तो मागच्या खोलीतच असतो.