कॅप्टन आणि सोंडकिडा

गोदीतल्या तपासणीच्या खोलीत एक सोंडकिडा, एक कॅप्टन आणि मी असे तिघे अडकलो होतो. त्यातला फक्त सोंडकिडा शांत होता, कारण तो मेला होता.

तो कॅप्टनच्या जहाजावर गव्हाच्या पोत्यात सापडला. बंदीच्या जातीचा निघाला तर जहाज इथेच कुजणार, साध्या जातीचा निघाला तर लगेच सुटणार. आणि पुढच्या बंदरात कॅप्टनच्या बायकोचे दिवस भरले होते. हे त्याने मला सांगितलं, बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना सांगितलं, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं तेव्हा कपाटालाही सांगितलं.

दोन्ही जाती दिसायला सख्ख्या भावांसारख्या. फरक मिशांवरच्या केसांत. पण सूक्ष्मदर्शकाची खोड अशी की मिशा स्पष्ट दिसल्या की पाठ धूसर, पाठ दिसली की मिशा गायब. म्हणून किंचित किंचित खाली सरकत साठ-सत्तर फोटो काढायचे. मग संगणक प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून अख्खा किडा जुळवतो. अट एकच. तोवर काही हलता कामा नये.

कॅप्टन येरझाऱ्या घालत होता.

जमीन लाकडी. त्याने पाऊल टाकलं की किडा थरथरायचा. पहिल्या खेपेला जुळून आलेल्या किड्याला दोन सोंडा होत्या. दुसऱ्या खेपेला दोन डोकी.

"ही जात काही बंदीच्या यादीत नसेल," कॅप्टन आशेने म्हणाला.

तुम्ही जितकी घाई कराल तितका उशीर होईल, असं मी त्याला समजावलं. त्यावर तो घाबरून आणखी जोरात चालायला लागला. खुर्चीत बसवलं तर पाय हलवायचा. बाहेर पाठवलं तर झालं का, म्हणून फोन करायचा, आणि माझा फोन त्याच टेबलावर थरथरायचा. अखेर बाईंनी त्याला दगडी उंबऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं की इथून हललात तर मी जेवायला निघून जाईन. बाईंचं जेवण किती लांबतं हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. तो खांबासारखा उभा राहिला.

चित्र आलं ते लखलखीत. मिशीवरचा केस न् केस मोजून घ्यावा. साधी जात! कॅप्टनने मला मिठी मारली.

"हे काय आहे?" बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

किड्याच्या मागच्या पायाला एक कोळीकीड चिकटली होती. एवढी बारीक की आधीच्या फोटोंत ती धूळ वाटली होती. तिच्यातही एक बंदीची जात असते.

"आधीचे धूसर होते तेच बरे होते," कॅप्टन म्हणाला आणि उंबऱ्यावरून उतरून परत चालू लागला. आता बाईंच्या जेवणाचाही धाक उरला नव्हता. माझे फोटो एकामागून एक वाया जात होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून त्याचा मेव्हणा एवढ्या मोठ्याने बोलला की मलाही ऐकू आलं. मुलगी झाली होती. दोघी ठणठणीत होत्या.

कॅप्टन जिथल्या तिथे थिजला. फोन कानाला, एक पाय पुढे. मी एक शब्द न बोलता सगळे फोटो काढून घेतले.

कोळीकीडही साधी निघाली. बाईंनी सही केली, कागद त्याच्या हातात दिला, जहाज सुटलं म्हणून सांगितलं. तो हलेना.

"मला आता जायचंय ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो, कॅप्टनसाहेब."

"मग पाय का उचलत नाहीत?"

बाईंनी एक खांदा धरला, मी दुसरा.